बारा गावचं पाणी प्यायलेला सीडॉर्फ

क्लॅरेन्स सीडॉर्फचं नाव निघालं की फुटबॉलच्या गप्पांत एक म्हण हमखास ऐकू येते: एक ना धड, भाराभर चिंध्या. आयॅक्स, साम्पडोरिया, रेआल माद्रिद, इंटर, एसी मिलान आणि शेवटी ब्राझीलचा बोटाफोगो. चार देश, सहा क्लब. एवढं फिरणारा माणूस म्हणजे चंचल, पैशामागे धावणारा किंवा कुठे पटवून न घेणारा, असा आपला सरळ हिशोब असतो. सीडॉर्फच्या बाबतीत हा हिशोब साफ चुकतो.

गैरसमज : तो कुठेच टिकला नाही.

क्लबांची नावं मोजताना आपण त्यापुढची वर्षं बघत नाही. सीडॉर्फ २००२ ते २०१२ अशी सलग दहा वर्षं एसी मिलानकडून ४३२ सामने खेळला. एका क्लबात दहा वर्षं काढणं भल्याभल्यांना जमत नाही. साम्पडोरियात मात्र तो एकच मोसम होता, हे खरं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि आयॅक्सच्या घरच्या अंगणातून पहिल्यांदाच बाहेर पडला होता.

तसं पाहिलं तर त्याची भटकंती जन्मापासूनचीच. १ एप्रिल १९७६ रोजी तो सुरिनामच्या पारामारिबोत जन्मला, देश स्वतंत्र झाल्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी. लहानपणीच कुटुंबाबरोबर नेदरलँड्सला आला आणि सोळाव्या वर्षी आयॅक्सच्या मुख्य संघात उतरला. पुढे ज्या देशात गेला तिथली भाषा शिकला.

गैरसमज : तो तयार, जिंकणाऱ्या संघांत जाऊन बसला.

हा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो. सीडॉर्फनं चॅम्पियन्स लीग चार वेळा जिंकली: १९९५मध्ये आयॅक्सबरोबर, १९९८मध्ये रेआलबरोबर, २००३ आणि २००७मध्ये मिलानबरोबर. तीन वेगवेगळ्या क्लबांसह ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला खेळाडू. ‘नशीबवान, जिथे करंडक तिथे हा’ असं म्हणणाऱ्यांनी तो त्या क्लबांत कधी गेला हे एकदा बघावं.

१९९६मध्ये तो माद्रिदला आला, तेव्हा रेआल स्पॅनिश लीगमध्ये सहावा येऊन युरोपीय स्पर्धांबाहेर फेकला गेला होता. एवढ्या मोठ्या क्लबाला त्या वर्षी युरोपात जागाच नव्हती. प्रशिक्षक फाबिओ कापेलोच्या हाताखाली या संघानं १९९७ची लीग जिंकली. पुढच्या वर्षी त्यानं ॲमस्टरडॅममध्ये युव्हेंटसला १-० हरवून युरोपचा करंडक उचलला. रेआलनं त्याची तब्बल बत्तीस वर्षं वाट पाहिली होती.

मिलानचंही तेच. २००२मध्ये तो गेला तेव्हा मिलान इटलीत चौथा आला होता आणि चॅम्पियन्स लीगमध्ये शिरायला त्याला पात्रता फेरी खेळावी लागली. त्याच मोसमाच्या शेवटी, मे २००३मध्ये, ओल्ड ट्रॅफर्डवर मिलाननं पेनल्टींवर युव्हेंटसला हरवलं. म्हणजे दोन्ही वेळा सीडॉर्फ पडत्या काळात आला आणि घडी बसवणाऱ्यांपैकी एक ठरला.

गैरसमज : प्रत्येक बदलीत खेळाडू मालामाल होतो.

ट्रान्सफर फी म्हणून जी रक्कम वर्तमानपत्रात छापून येते, ती विकणाऱ्या क्लबाला मिळते. खेळाडूचा पगार हा वेगळा करार असतो. सीडॉर्फ इंटरमधून मिलानला गेला तो फ्रान्चेस्को कोको या बचावपटूच्या बदल्यात. इंटरला हा व्यवहार फार महागात पडला. आधीच्याच वर्षी त्यांनी आंद्रेआ पिर्लोलाही याच शेजाऱ्याकडे धाडलं होतं. इंटर आणि मिलान यांचं मैदान एकच, सान सिरो. एकाच क्लबानं सोडलेल्या या दोघांवर शेजाऱ्यांनी मधली फळी उभी केली.

गैरसमज : गोल कमी, म्हणजे योगदान कमी.

मिडफिल्डरला स्ट्रायकरच्या तराजूत तोलायचं नसतं. मिलानची मधली फळी हिऱ्याच्या आकाराची असायची. तळाशी पिर्लो, उजवीकडे धावून धावून दमवणारा गट्टुसो, टोकाला आधी रुई कोस्टा आणि मग काका. डावी बाजू सीडॉर्फची. त्याचं खरं काम चेंडू राखण्याचं. प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन तो उभा राही, खांदा मधे घाली, पायाच्या तळव्यानं चेंडू ओढून घेई आणि सहकारी मोकळ्या जागेत पोचेपर्यंत सोडत नसे. डावा आणि उजवा, दोन्ही पाय सारखेच चालत, त्यामुळे तो कुठे वळेल हे कळत नसे.

२ मे २००७ची सान सिरोवरची चॅम्पियन्स लीगची उपांत्य लढत जरूर बघा. पहिला सामना मँचेस्टर युनायटेडनं ३-२ जिंकला होता आणि मिलानला तो निकाल उलटवायचा होता. पाऊस पडत होता. काकानं अकराव्या मिनिटाला आघाडी दिली आणि अर्ध्या तासाला दुसरा गोल सीडॉर्फनं मारला. मिलाननं सामना ३-० जिंकला आणि पुढे अथेन्सच्या अंतिम सामन्यात मिलाननं लिव्हरपूलला हरवलं. त्या वर्षी काकाला बॅलन डी’ओर मिळाला, हे सगळ्यांना आठवतं. त्याच मोसमासाठी यूएफानं सर्वोत्तम मिडफिल्डर म्हणून सीडॉर्फला निवडलं होतं, हे फारसं कुणाला आठवत नाही.

गैरसमज : तो पेनल्टीला कच खाणारा.

नेदरलँड्सकडून खेळताना १९९६च्या युरो स्पर्धेत फ्रान्सविरुद्ध आणि पुढच्या वर्षी तुर्कस्तानविरुद्ध त्याची पेनल्टी हुकली, २००३च्या अंतिम सामन्यात युव्हेंटसचा गोलरक्षक बुफोननं अडवली. हे सगळं खरं आहे. पण हुकल्यावरही तो पुन्हा पुढे येत राहिला, हेही त्यातूनच दिसतं.

गैरसमज : छत्तिसाव्या वर्षी ब्राझील म्हणजे निवृत्तीची मजा.

मोठी नावं उतारवयात दूरच्या लीगमध्ये गेली की ही शंका येतेच. २०१४मध्ये इंडियन सुपर लीगसाठी रॉबेर पिरेस गोव्यात आणि फ्रेडी ल्युंगबर्ग मुंबईत आला, तेव्हा आपल्याकडेही ती आली होती. काहींच्या बाबतीत ती खरीही ठरते, सीडॉर्फच्या बाबतीत नाही. तो असताना बोटाफोगोनं २०१३ची रिओची राज्य स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी ब्राझीलच्या लीगमध्ये चौथा क्रमांक मिळवला. जानेवारी २०१४मध्ये त्यानं खेळणं थांबवलं, ते एसी मिलानचा प्रशिक्षक होण्यासाठी.