बोरीतलं खटलं

कोळी म्हणजे एकलकोंडा जीव. शेजार आवडत नाही, शेजारी आला तर तोच पोटात जातो. जगात कोळ्यांच्या ५० हजारांवर जाती नोंदल्या गेल्यात, पण कायम कळपाने राहणाऱ्या जेमतेम पंचवीस-तीस. त्यातली एक आपल्या कोरड्या मुलखातली. किनवटच्या बाजूला सागाचं जंगल विरळ होऊन बांधावर बोरी-बाभळी लागल्या, की काट्यांत धाग्यांनी आवळलेला वाळक्या पानांचा मळकट गोळा दिसतो का पाहा. दिसलाच तर काठीने पाडू नका. आत शेकड्याने कोळी असू शकतात.

जातीचं नाव स्टेगोडायफस सारासिनोरम. बाझलच्या पॉल आणि फ्रिट्झ सारासिन यांनी सिलोन आणि मिनिकॉय बेटावरून कोळी गोळा केले होते. त्यांच्यावर लिहिताना फर्डिनांड कार्श यांनी १८९२ साली या जातीला सारासिनांचं नाव दिलं. नाव असं बेटांकडून आलेलं, वस्ती मात्र भारतभरच्या रखरखीत माळांवरही.

गोळ्याभोवतीच्या जाळ्यात डिंकासारखा चिकटा नसतो. मागच्या पायांवरच्या केसांच्या फणीने हा कोळी अतिशय बारीक तंतू पिंजून काढतो आणि त्या लोकरीत किड्याचे पाय अडकतात. चिकटा उन्हात वाळतो, ही लोकर वाळायचा प्रश्नच नाही. नाकतोडा फडफडला की जाळं हादरतं. एकीने पाय धरला, दुसरीने मिशी, आणि एकटीला न पेलणारी शिकार आत ओढली जाते. आंध्रातल्या कुप्पमजवळच्या वसाहतींवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की आधी धावतात त्या धीट माद्या. अंगाने मोठ्या असतीलच असं नाही.

पिल्लांना आई ओकून पातळ अन्न भरवते आणि शेवटी पिल्लं तिलाच खातात. ऐकायला भयंकर, पण पावसाच्या भरवशावरच्या मुलखात ही शिदोरी खात्रीची.

या एकोप्याची खरी किंमत निराळीच आहे. वसाहतीत दहातल्या आठ-नऊ माद्या असतात आणि लग्नं घरातल्या घरात, भावाबहिणींतच लागतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालल्याने जनुकांतली विविधता आटते. एखादा रोग किंवा परजीवी आला तर अख्खी वसाहत बसू शकते. एखादी मादी बाहेर पडून शेजारच्या झुडपावर नवा संसार मांडते, तेही बहुधा घरातच फळून. तिच्या मुलींना नवरे मिळतात ते पुन्हा तिचेच मुलगे.