तीन मिलिमीटरचा पंच

संपादकांना हवा होता फिल्म कॅमेऱ्यांच्या पुनरागमनावर लेख. जुने एसएलआर पुन्हा तरुणांच्या गळ्यात दिसू लागलेत, तेव्हा मागणी रास्तच होती. पण निकॉनचा एफएम२ हातात आला, व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि बाकीचा कॅमेरा मागे पडला. चौकटीच्या मधोमध ३ मिलिमीटर व्यासाचं एक वर्तुळ आहे, आडव्या रेषेनं दुभागलेलं. छायाचित्रकार त्याला नुसतं ‘स्प्लिट’ म्हणतात. फोकस बरोबर की चूक, याचा निवाडा तिथं होतो.

कॅमेऱ्याची कुंडली थोडक्यात अशी. एफएम२ बाजारात आला १९८२ साली आणि २००१पर्यंत बनत राहिला. शटर पूर्ण यांत्रिक, वेग सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत. बॅटरी लागते ती फक्त मीटरला. स्टीव्ह मॅक्करी यांनी १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचं छायाचित्र टिपलं ते याच कॅमेऱ्यानं, १०५ मिमी एफ/२.५ लेन्स लावून. ही लेन्स पूर्ण उघडी ठेवून दीड मीटरवरचा चेहरा घ्यायचा, तर स्वच्छ दिसणारा पट्टा जेमतेम ३ सेंटिमीटर खोल असतो. नाकाचा शेंडा पकडला की डोळे निसटतात.

लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर आपटून वर फोकसिंग स्क्रीनवर पडतो. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी. आरशावरून स्क्रीनपर्यंतची वाटही नेमकी तेवढीच असावी लागते. म्हणूनच स्क्रीनवर जे स्पष्ट, ते फिल्मवरही स्पष्ट. अडचण डोळ्याची आहे. धूसर काचेवरची प्रतिमा ‘साधारण बरी’ झाली, की तो समाधान मानतो.

स्प्लिट हे समाधान मानत नाही. त्या वर्तुळात दोन चिमुकले पाचरीसारखे लोलक बसवलेले असतात, एकमेकांच्या उलट उताराचे. प्रतिमा नेमकी त्यांच्या पातळीवर आली, तर दोन्ही अर्ध्या भागांतलं दृश्य सलग दिसतं. ती जराशी पुढे-मागे झाली, की वरचा भाग एका बाजूला सरकतो आणि खालचा दुसऱ्या. देवळापुढची दीपमाळ कमरेत मोडलेली दिसते. रिंग फिरवत जायची. दीपमाळ सरळ झाली की फोकस लागला. भोवती मायक्रोप्रिझमचं १ मिमी रुंदीचं कडं असतं. सरळ रेषा नसलेल्या विषयांसाठी, म्हणजे केस, पानं, कापडाचा पोत यांसाठी ते उपयोगी. फोकस चुकलेला असेपर्यंत ते चमचमतं, लागला की शांत होतं.

या पंचाच्या मर्यादाही उघड आहेत. आडव्या रेषा त्याला कळत नाहीत. घाटाच्या पायऱ्यांवर फोकस करायचा तर कॅमेरा क्षणभर उभा धरावा लागतो. एफ/५.६ किंवा त्याहून मंद लेन्स लावली, की अर्धं वर्तुळ काळं पडायला लागतं. प्रत्येक लोलक लेन्सच्या एकेका कडेकडून येणारा प्रकाश पाहतो, आणि लेन्सचं तोंड अरुंद असेल तर त्या कडेला प्रकाशच नसतो. निकॉननं त्यावरही तोड ठेवली होती. लेन्स उतरवून, चिमट्यानं खिटी सोडवून ‘के२’ स्क्रीन काढायची आणि साधी धूसर ‘बी२’ बसवायची.

१९८५ साली मिनोल्टा ७००० आला आणि फोकसची मोटर कॅमेऱ्याच्या पोटात गेली. पण तत्त्व जुन्याच जातीचं राहिलं. लेन्सच्या दोन कडांकडून आलेल्या प्रतिमा ताडून पाहायच्या, फक्त डोळ्याऐवजी आरशाखालच्या सेन्सरनं. या तंत्राच्या पेटंटवरून हनीवेल कंपनीनं मिनोल्टाला कोर्टात खेचलं आणि १९९२ साली मिनोल्टानं सुमारे १२.७५ कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. कॅननने तर १९८७ साली ईओएससाठी लेन्सची जुनी बैठकच मोडीत काढली. ऑटोफोकस कॅमेऱ्यांतून स्प्लिट सहसा गेलं. स्क्रीन अधिक उजळ आणि नितळ झाली. ती चौकट बांधायला छान, पण तिच्यावर हातानं फोकस ताडणं अवघड.

आता जुना कॅमेरा घेऊ पाहणाऱ्यांसाठी काळजीच्या गोष्टी. आरशाच्या थांब्याचा स्पंज वर्षांनी चिकट होऊन झडतो. आरसा किंवा स्क्रीन जागेवरून केसभर हलली, तर स्प्लिट छातीठोकपणे खोटं बोलतं: दीपमाळ सरळ दिसते आणि फिल्मवर मागची भिंत स्वच्छ येते. स्क्रीन प्लास्टिकची, रुमालानं पुसली की कायमचे ओरखडे. लेन्सच्या रिंगमधलं ग्रीस सुकलं की फोकस अडखळत फिरतो. कोकणातल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते आणि बारकावा धुऊन जातो. चाळिशी ओलांडलेल्यांना आणखी एक अडचण. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र सुमारे एक मीटर अंतरावर असल्यासारखं पाहावं लागतं आणि एफएम२ला चष्म्याचा नंबर जुळवणारी चकती नाही. त्यासाठी वेगळी काच आयपीसवर बसवावी लागते, आणि ती आता शोधावी लागते.

बाजारात गिऱ्हाईक शटर वाजवून पाहतं, मीटरचे दिवे बघतं आणि पैसे मोजतं. तेवढ्यावर थांबू नका. लांबच्या इमारतीची उभी कड स्प्लिटमध्ये जुळवा. त्या वेळी रिंग अनंताच्या खुणेवर टेकलेली असली पाहिजे. मग तिरकं ठेवलेलं वर्तमानपत्र लेन्स पूर्ण उघडी ठेवून जवळून टिपा आणि ज्या ओळीवर फोकस केला होता तीच ओळ फिल्मवर स्वच्छ आली का ते पाहा. यात नापास झालेल्या कॅमेऱ्याचं शटर कितीही गोड वाजो, आधी दुरुस्तीचा खर्च विचारा आणि मगच भाव करा.