अक्षरांच्या वळणावरून टंकाची ओळख

फाळणीनंतर कल्याणजवळील लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील कॅम्प २ मध्ये एखादी पाटी देवनागरीत आहे, एवढ्यावरून ती मराठी ठरत नाही. हिंदी देवनागरीत लिहिली जातेच; सिंधीही अरबी वळणाच्या लिपीबरोबर देवनागरीत लिहिली जाते. ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी अधोरेषा असलेली अक्षरे दिसली की मजकूर सिंधी समजावा. ही रेषा छपाईत पुसट झाली तर उच्चारच बदलतो.

मराठी व हिंदी टंक वेगळे ओळखण्यास ‘ल’ आणि ‘श’ पुरेसे आहेत. मराठी ‘ल’ पाकळीयुक्त असतो, हिंदी ‘ल’ उजवीकडे उभ्या दंडाला टेकतो. मराठी ‘श’ देठयुक्त, तर हिंदी वळणाचा ‘श’ शेंडी फुटल्यासारखा दिसतो. पूर्वी हा भेद अधिक ठळक होता. उत्तरेकडील छपाईत अ, झ, ण यांची रूपेही निराळी असत. १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी स्थापिलेल्या निर्णयसागर मुद्रणालयासाठी राणोजी रावजी आरू यांनी घडविलेल्या टाइपांत बोरूचा जाड-बारीकपणा उतरला आणि मुंबई वळणास स्थैर्य आले. पुढे हिंदीच्या मानक लिपीने अ, झ, ण यांची हीच रूपे स्वीकारली. त्यामुळे आज ती अक्षरे ओळखीस फारशी उपयोगी पडत नाहीत.

राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले. तरीही संगणकावरील परिपत्रकांत हिंदी रूपे सर्रास आढळतात. यात टंकलेखकाचा दोष क्वचितच असतो. युनिकोडमध्ये ‘ल’ची दोन्ही रूपे एकाच सांकेतिक क्रमांकावर आहेत, कोणते उमटावे हे टंक ठरवितो. ‘मंगल’ टंकात हिंदी रूपे येतात. शब्द पुनःपुन्हा लिहून उपयोग नाही, टंकच बदलावा लागतो.

पहिलीचे मूल पाठ्यपुस्तकात एक ‘ल’ गिरविते आणि शाळेच्या सूचनाफलकावर दुसराच पाहते, तेव्हा हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. ‘ऱ्य’चे तर याहून गंभीर आहे. ते नसलेल्या टंकात ‘दऱ्या’ छापावयास जावे, तर ‘दर्या’ होतो. डोंगरातील वाट समुद्रास मिळते! नवा टंक घेताना ‘शालेय दऱ्या’ एवढे निरर्थक शब्द जरी छापून पाहिले, तरी तिन्ही गोष्टींची परीक्षा होते.