पुराव्याचा पहिला राखणदार

‘मृत्यूचे निश्चित कारण कळावे म्हणून व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.’ वर्तमानपत्रातील हे वाक्य आपण वाचतो आणि पान उलटतो. ज्या घरावर तसा प्रसंग ओढवतो, त्या घराचे सारे लक्ष मात्र त्या मोहोरबंद बरणीकडे लागलेले असते. संशय खरा की खोटा, हे तिच्यातूनच ठरायचे असते. या बरणीमागे उभे असलेले शास्त्र म्हणजे न्यायसहायक विज्ञान. वाचकहो, त्याची तोंडओळख प्रत्येक कुटुंबाला असावी. कारण पुराव्याला पहिला हात पुष्कळदा घरच्याच माणसाचा लागतो.

या शास्त्राची मुळे जुनी आहेत. चीनमधील न्यायाधिकारी सोंग त्सू याने १२४७ साली मृतदेहाच्या तपासणीवर ग्रंथ लिहिला. त्यात एक हकीकत आहे. विळ्याने झालेल्या एका खुनाच्या तपासात गावातील सर्वांचे विळे उन्हात मांडण्यात आले. एकाच विळ्यावर माश्या घोंगावू लागल्या. धुतलेल्या पात्यावर डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश माश्यांनी हेरला होता. विळ्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला.

दुसरा प्रसंग इंग्लंडमधील, १८३३ सालचा. कॉफीतून आजोबांवर विषप्रयोग केल्याचा आरोप नातवावर होता. जेम्स मार्श या रसायनज्ञाने चाचणी करून सोमल ओळखला. परंतु न्यायालयात दाखवेपर्यंत चाचणीतील पिवळा साका बिघडून गेला होता. आरोपी सुटला. या अपयशाने अस्वस्थ झालेल्या मार्शने १८३६ मध्ये नवी पद्धत जाहीर केली. नमुन्यात जस्त व आम्ल घातले की सोमलाचा वायू तयार होतो आणि तो तापवला की काचेवर काळा, चकाकणारा, टिकाऊ थर बसतो. पुरावा सापडणे पुरेसे नाही, तो टिकलाही पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

बोटांच्या ठशांच्या इतिहासात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. १८९७ मध्ये कोलकात्यात ठसे विभाग सुरू झाला. ठशांच्या वर्गीकरणाची जी पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली, तिच्या घडणीत अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस यांचे परिश्रम होते. पुढे १९८४ मध्ये इंग्लंडमधील ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची रीत शोधली. खुनाच्या तपासात ती प्रथम वापरली गेली, तेव्हा तिने आधी एका निरपराध तरुणाची सुटका केली. खरा गुन्हेगार त्यानंतर सापडला.

या साऱ्याचे सूत्र फ्रान्समधील एडमंड लोकार्ड यांच्या विचारात आढळते. त्यांनी १९१० मध्ये लिऑन येथे पोलीस प्रयोगशाळा उभारली. दोन वस्तूंचा स्पर्श झाला की प्रत्येकीचा काही अंश दुसरीवर राहतो, असे हे तत्त्व सांगते. त्याला आणखी दोन तत्त्वांची जोड द्यावी लागते. काळ पुराव्यात बदल घडवतो, आणि तो पुरावा कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची अखंड नोंद नसेल, तर न्यायालयात त्याचे मोल घटते. म्हणूनच शवविच्छेदनानंतर जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून बरणी मोहोरबंद केली जाते.

आता आपल्या घराकडे वळू. कोणी विष घेतल्याचा संशय आला, तर आधी जीव, मग पुरावा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. विलंब न लावता रुग्णालय गाठावे. जाताना औषधाची बाटली, वेष्टन किंवा उरलेले अन्न सोबत न्यावे. उलटीने माखलेले कपडे धुऊ नयेत. डॉक्टरांच्या उपचारांना आणि पुढील तपासालाही त्यांची मदत होते.

लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगी वैद्यकीय तपासणीपूर्वी शक्यतो आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ते प्लास्टिकमध्ये न कोंबता कागदी पिशवीत ठेवावेत. ओलाव्याने डीएनए नष्ट होतो. आंघोळ झाली असली, तरी तपासणी टाळू नये. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा व्यक्तीला तात्काळ विनामूल्य उपचार दिले पाहिजेत, असे कायदा सांगतो. तिला धीर देणे आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवणे, हे घराचे पहिले कर्तव्य होय.

आणि घरात आकस्मिक, अनाकलनीय मृत्यू झाला, तर ‘आता चिरफाड कशाला?’ असे म्हणून शवविच्छेदनास विरोध करण्यापूर्वी क्षणभर थांबावे. दुःखात तो विचार स्वाभाविक आहे. परंतु चितेबरोबर उत्तरेही जळून जातात आणि मागे उरलेला संशय नात्यांना वर्षानुवर्षे पोखरत राहतो. सत्य कळण्याचा मार्ग मोकळा ठेवणे, ही गेलेल्या माणसाची शेवटची सेवा आहे, आणि मागे राहिलेल्यांचीही.