नैसर्गिक मारक पेशी : जनुकांच्या वैविध्यातून घडणारी प्रतिकारशक्ती

हेपॅटायटिस सी या विषाणूची लागण झालेल्या प्रत्येकाचे यकृत निकामी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, सुमारे ३० टक्के व्यक्तींच्या शरीरातून हा विषाणू कोणत्याही औषधोपचाराविना सहा महिन्यांच्या आत नाहीसा होतो. उरलेल्यांच्या शरीरात मात्र तो वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो आणि त्यांतील काहींना पुढे यकृताचा सिऱ्हॉसिस किंवा कर्करोग गाठतो. विषाणू एकच असताना हा फरक का पडतो, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग रक्तातील 'नैसर्गिक मारक पेशी' आणि त्यांच्यावरील ग्राही प्रथिनांच्या जनुकांत दडलेला आहे.

नैसर्गिक मारक पेशी हा श्वेतपेशींचा एक प्रकार होय. स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत रॉल्फ कीसलिंग, इव्हा क्लाइन आणि हान्स विगझेल यांनी, तर अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनी १९७५ च्या सुमारास या पेशी स्वतंत्रपणे ओळखल्या. रक्तातील लसिकापेशींमध्ये त्यांचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असते. अन्य लसिकापेशींना एखाद्या शत्रूची ओळख पटवून घेण्यास काही दिवस लागतात. मारक पेशी मात्र अशा पूर्वपरिचयाविना विषाणूबाधित वा कर्करोगग्रस्त पेशींवर चाल करून जातात. साहजिकच, निरोगी पेशींना त्या हात का लावत नाहीत, हे कोडे शास्त्रज्ञांपुढे उभे राहिले.

'स्वत्वाची खूण' हरवली की हल्ला

या कोड्याची उकल स्वीडनचे क्लास कॅरे यांनी मांडलेल्या कल्पनेतून झाली. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिने असतात. ती जणू त्या पेशीचे ओळखपत्रच. अनेक विषाणू आणि कर्करोगपेशी प्रतिकारशक्तीची नजर चुकविण्यासाठी ही प्रथिने लपवितात. मारक पेशी नेमकी हीच उणीव हेरतात. ओळखपत्र दिसले तर त्यांना लगाम बसतो. ते दिसले नाही आणि सोबत धोक्याचे संकेत मिळाले, तर त्या हल्ला करतात. कॅरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून या कल्पनेस पुष्टी दिली.

हे ओळखपत्र तपासणारी मानवी ग्राही प्रथिने 'केआयआर' या नावाने ओळखली जातात. त्यांची जनुके १९९५ मध्ये प्रथम वेगळी करण्यात आली. यांतील काही ग्राही प्रथिने मारक पेशीला लगाम घालतात, तर काही तिला चेतवितात. पेशीने हल्ला करावा की नाही, हे या दोन्ही प्रकारच्या संकेतांच्या बेरीज-वजाबाकीवर ठरते.

माणसागणिक वेगळा संच

केआयआर जनुके १९ व्या गुणसूत्रावर एका रांगेत वसलेली आहेत. त्यांची संख्या सुमारे १५ असली, तरी ती सर्व प्रत्येक माणसात असतातच असे नाही. जनुकांच्या मांडणीचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. 'ए' प्रकारात जनुकांची संख्या मर्यादित व बहुधा ठरलेली असते आणि त्यांत लगाम घालणाऱ्यांचे प्राबल्य असते. 'बी' प्रकारात चेतविणारी जनुके अधिक असून त्यांची जुळणी बदलती असते. याशिवाय प्रत्येक जनुकाची अनेक रूपे आढळतात. त्यामुळे रक्ताचे नाते नसलेल्या दोन व्यक्तींचे संच तंतोतंत जुळणे दुर्मिळ असते.

एचएलए प्रथिनांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असल्याने गुंतागुंत आणखी वाढते. दोन्ही गटांचा वारसा परस्परांहून स्वतंत्रपणे मिळतो. परिणामी एखाद्याच्या अंगी ग्राही प्रथिन असते, पण त्याचा जोडीदार नसतो. तर कुणाच्या बाबतीत याच्या उलट घडते. एचएलए-सी या प्रथिनाचे 'सी १' आणि 'सी २' असे दोन गट पडतात आणि हा भेद ८० व्या स्थानावरील एकाच अमिनो आम्लामुळे ठरतो. केआयआर२डीएल१ हे ग्राही प्रथिन सी २ ला घट्ट बिलगते, तर केआयआर२डीएल३ सी १ ला तुलनेने सैल धरते.

जोडीदाराच्या उपस्थितीचा मारक पेशींच्या जडणघडणीवरही परिणाम होतो. लगाम घालणाऱ्या ग्राही प्रथिनाला शरीरातच आपला जोडीदार भेटला, तर ती पेशी पुढे अधिक सक्षम होते. न भेटल्यास ती काहीशी मंद राहते. ही बाब २००५ आणि २००६ मध्ये अनुक्रमे उंदीर व मानवी पेशींवरील संशोधनातून स्पष्ट झाली. मंद राहिलेली पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा धोका यामुळे टळतो.

रोग आणि गर्भारपण

हेपॅटायटिस सी बाबतचा महत्त्वाचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. केआयआर२डीएल३ आणि सी १ या दोन्हींच्या जनुकांच्या दुहेरी प्रती असलेल्या व्यक्तींमध्ये विषाणू आपोआप नाहीसा होण्याचे प्रमाण अधिक आढळले. या जोडीचा लगाम सैल असल्याने मारक पेशी लवकर मोकळ्या होतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मात्र रक्तसंक्रमणातून लागण झालेल्यांत हा लाभ दिसला नाही. विषाणू मोठ्या संख्येने शरीरात शिरल्यास हा फायदा टिकत नसावा, असे संशोधकांचे मत आहे. एचआयव्हीबाबतही २००२ मध्ये असेच निरीक्षण नोंदविले गेले. केआयआर३डीएस१ हे जनुक एचएलए-बी च्या विशिष्ट रूपांसोबत असल्यास एड्सकडे होणारी वाटचाल मंदावते. ते एकटे असल्यास हे संरक्षण मिळत नाही.

गर्भाशयातील मारक पेशींचे काम याहून निराळे आहे. त्या कुणाला मारीत नाहीत, तर वारेच्या पेशींशी संवाद साधून बाळाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या रुंदावण्यास साहाय्य करतात. वारेच्या पेशींवर पित्याकडून आलेले एचएलए-सी देखील असते. आईकडे 'ए' प्रकारच्या दोन्ही प्रती आणि गर्भाकडे सी २ असल्यास लगाम अधिक आवळला जातो, रक्तपुरवठा अपुरा राहतो आणि प्रीएक्लाम्प्सिया या उच्च रक्तदाबाच्या विकाराचा धोका वाढतो, असे केंब्रिज येथील ॲशली मोफेट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले. उलटपक्षी, आईकडे केआयआर२डीएस१ हे चेतविणारे जनुक आणि गर्भाकडे पित्याचे सी २ असल्यास बाळाचे वजन अधिक भरते, असे २०१४ मध्ये आढळून आले. अतिशय लहान आणि अतिशय मोठे बाळ, दोन्ही प्रसूतीत जोखमीची ठरतात. म्हणूनच उत्क्रांतीच्या ओघात 'ए' व 'बी' हे दोन्ही प्रकार टिकून राहिले असावेत, असा तर्क मांडला जातो.

दात्याची निवड

रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत या ज्ञानाचा थेट उपयोग होऊ लागला आहे. इटलीतील पेरुजा येथील आंद्रेया वेलार्दी यांच्या गटाने २००२ मध्ये अर्धवट जुळणाऱ्या नातेवाइकांच्या मूळपेशी वापरून केलेल्या प्रत्यारोपणांचे निष्कर्ष जाहीर केले. दात्याच्या मारक पेशींना रुग्णाच्या पेशींवर आपला जोडीदार सापडला नाही, अशा प्रसंगी तीव्र मायलॉइड ल्युकेमिया उलटण्याचे प्रमाण घटले. पुढे २००९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी 'बी' प्रकारची जनुके असलेले दाते या रुग्णांसाठी लाभदायक ठरत असल्याचे दाखविले. तथापि, सर्वच केंद्रांचे अनुभव सारखे नाहीत. प्रत्यारोपणाची पद्धत आणि औषधे बदलली की परिणामही बदलतात.

भारतीय लोकसमूहांचा अभ्यास या संदर्भात मोलाचा आहे. उत्तर भारतीयांविषयी २००२ मध्ये, तर दक्षिण भारतातील तीन समूहांविषयी आणि पारशी समाजाविषयी २००८ मध्ये संशोधन प्रसिद्ध झाले. भारतात 'बी' प्रकार विपुल आढळतो. याउलट जपानमध्ये 'ए' प्रकाराचे वर्चस्व आहे. त्यामुळे युरोपीय रुग्णांवरून काढलेले निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

ही जनुके रोगाची शक्यता कमी-अधिक करतात; कुणाचेही भविष्य निश्चित करीत नाहीत. हेपॅटायटिस सी च्या रुग्णाने तर आपला जनुकसंच जाणून घेण्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही. तोंडावाटे घ्यावयाच्या नव्या औषधांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद आहे. ज्यांच्या मारक पेशी या विषाणूपुढे अपुऱ्या पडतात, त्यांच्यासाठी वेळेवर केलेली रक्ततपासणी हाच खरा आधार आहे.