चित्रदालनातले कावळे आणि घाटावरचे

कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या व्हिडिओ गेम मालिकेत कावळा पहिल्या भागापासून आहे. हा भाग मार्च १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर आला. त्यातल्या जुन्या हवेलीत एक चित्रदालन आहे. भिंतीवर माणसाच्या आयुष्यातल्या टप्प्यांची चित्रे, चित्राखाली बटण आणि वर आडव्या दांडीवर बसलेले कावळे. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत क्रमाने बटणे दाबत गेले तर कावळे जागचे हलत नाहीत. क्रम चुकला की सगळे एकदम अंगावर येतात. एकट्या कावळ्याच्या चोचीने फारसे बिघडत नाही. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, तसेच ते. पण थवा डोक्याभोवती फिरू लागला की नेम धरता येत नाही आणि दार गाठणेच शहाणपणाचे ठरते.

२००५ च्या चौथ्या भागात कावळ्याचे काम बदलले. तो हल्ला करत नाही. त्याला गोळी घातली की पैसे किंवा हातबॉम्बसारखी वस्तू खाली पडते, आणि पहिला बार वाजला की उरलेले कावळे उडून जातात. खऱ्या कावळ्याशी हाच भाग जास्त इमान राखतो. धोक्याचा आवाज झाला की कावळा आधी अंतर वाढवतो. भांडायचे की नाही, हे तो नंतर ठरवतो.

पडद्यावरचा कावळा नखशिखांत काळा असतो. शिरोळ तालुक्यातल्या जयसिंगपुरात बाजारपेठेत, एसटी स्टँडवर, चहाच्या गाड्यापाशी सांडलेला फरसाण टिपणारा कावळा तसा नसतो. त्याची मान आणि छाती राखाडी असते, हा गावकावळा. सगळा काळा, जाड चोचीचा, आवाजाने घोगरा तो डोमकावळा. त्याला गावाच्या कडेची मोठी झाडे, शेते आणि ओढ्याकाठ अधिक मानवतात. गेममधल्या पक्ष्याला आपल्याकडचे नाव द्यायचेच, तर डोमकावळ्याचे शोभेल.

चित्रदालनातल्या कावळ्यांना चूक कळते, पण चुकणारा कोण हे त्यांच्या लक्षात राहत नाही. दालनाबाहेर पडले की हिशेब मिटला. खऱ्या कावळ्याचे नेमके उलटे आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये सिअ‍ॅटल इथल्या आवारात आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, पायात कडी अडकवली आणि सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कोणीही फिरले की कावळे ओरडत मागे लागत. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांचा मुखवटा घातलेल्या माणसाकडे मात्र ते फारसे लक्ष देत नसत. पुढे पुढे ओरडणाऱ्यांची संख्या वाढत गेली. ज्यांना कधी पकडले नव्हते असे कावळेही त्यात सामील झाले. इतरांचे पाहून ते शिकले होते. ती जात आपल्या गावकावळ्याची नव्हे, पण त्याच कुळातली.

चेहरा लक्षात ठेवण्याचा हा प्रकार जयसिंगपुरातही दिसतो. एखाद्या गल्लीत कावळा एकाच माणसाला टोचतो आणि बाकीच्यांना सोडतो, अशी तक्रार बहुधा उन्हाळ्यात निघते. एप्रिल ते जून हा गावकावळ्याच्या विणीचा काळ. झाडावरच्या काटक्यांच्या घरट्यात, कधी तारांचे तुकडेही विणून केलेल्या, पिल्ले असतात. उडायला शिकणारे पिल्लू खाली पडले आणि कोणी उचलायला गेले, तर तो चेहरा लक्षात राहतो. झडप बहुतेक वेळा पाठीमागून येते आणि पंजा किंवा चोच टाळूला लागते. तीन-चार आठवड्यांत पिल्ले उडतात आणि हल्ले थांबतात. तोवर वाट बदलावी किंवा छत्री धरावी.

शिरोळ तालुक्यातच नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे. नदीघाटावर मृत्यूनंतर दहाव्या दिवशी पिंड मांडला जातो, माणसे मागे सरून उभी राहतात आणि नजरा झाडाकडे लागतात. कधी कधी कावळा समोर असूनही खाली येत नाही. कोणी हात जोडून मृताला वचन देतो, तरी येत नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला जातो. पक्षिशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. अनोळखी गर्दी टक लावून पाहत असेल तर कावळा बिचकतो. माणसे जितकी लांब आणि गप्प, तितका तो लवकर उतरतो. जिथे रोज पिंड मांडले जातात त्या घाटावरचे कावळे मात्र सरावलेले असतात.

कायद्यानेही कावळ्याला बरीच वर्षे शत्रूंच्या यादीत ठेवले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत तो उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राणी म्हणून होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीच काढून टाकली. केनियात उलट घडले. तिथे परका असलेला हाच गावकावळा स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्ले खातो, म्हणून २०२४ मध्ये सरकारने दहा लाख कावळे मारण्याची मोहीम जाहीर केली.

गेममध्ये कावळा हिंस्र होतो तो विषाणू लागलेले मांस खाऊन. मेलेले खाणाऱ्या पक्ष्याला रोग लागतो, एवढे त्यात खरे आहे. पण रोगाने तो चवताळत नाही, मरतो. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वेस्ट नाइल विषाणू आला तेव्हा मरून पडणारे कावळे हीच पहिली खूण ठरली. जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा राजस्थान आणि मध्य प्रदेशातही कावळे मरून पडले. एकाच झाडाखाली दोन-चार कावळे मेलेले दिसले, तर त्यांना उघड्या हाताने शिवू नये, कुत्र्या-मांजरांना तिकडे फिरकू देऊ नये आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे.