कुरआनाचे सात कारी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुरआन पठणाच्या परंपरामान्य रीतींना ‘किराअत’ म्हणतात. ज्या कारींच्या (पठणकारांच्या) नावांनी त्या ओळखल्या जातात, त्यांतले सात जण सर्वांत प्रसिद्ध आहेत: मदिनेचे नाफी, मक्केचे इब्न कसीर, बसऱ्याचे अबू अम्र, दमास्कसचे इब्न आमिर आणि कुफ्याचे आसिम, हमजा व किसाई. इब्न आमिर ७३६ मध्ये वारले, तर किसाई नवव्या शतकाच्या आरंभी.

सात कारी म्हणजे सात वेगवेगळे कुरआन, हा समज चुकीचा आहे. तिसरे खलिफा उस्मान यांनी सातव्या शतकाच्या मध्यावर प्रमाण प्रती तयार करून घेतल्या, तेव्हाच्या अरबी लिपीत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा नव्हत्या आणि अक्षरांवरचे नुक्तेही क्वचितच दिले जात. सातही किराअती याच लेखनाला धरून आहेत. बरेचसे भेद निव्वळ उच्चाराचे आहेत, जसे स्वर किती लांबवायचा, हम्जा हा कंठातला वर्ण स्पष्ट म्हणायचा की सौम्य करायचा. काही ठिकाणी मात्र शब्दही बदलतो. पहिल्या सूरेच्या चौथ्या आयतीत आसिम आणि किसाई ‘मालिक’ (धनी) म्हणतात, इतर पाच जण ‘मलिक’ (राजा). भेद नाहीतच असे सांगणेही म्हणूनच बरोबर नाही.

काहींना वाटते की, लिपी संदिग्ध असल्यामुळे ज्याला जसे सुचले तसे त्याने वाचले. प्रत्यक्षात लेखनाशी मेळ आणि अरबी व्याकरणाची संमती यांच्या जोडीला तिसरी अट होती, ती म्हणजे गुरूपासून गुरूपर्यंत मागे जाणारी खात्रीची सनद. बगदादच्या इब्न मिक्समने पहिल्या दोन अटी पुरेशा मानल्या. ९३४ च्या सुमारास त्याला ते मत मागे घ्यावे लागले. लगेच पुढच्या वर्षी इब्न शनबूजला फटके बसले, कारण तो उस्मानी लेखनाला सोडून असलेले पाठ म्हणत असे.

तरीही हे कारी ऐकलेले जसेच्या तसे पुढे देणारे केवळ निरोपे नव्हते. एकेकाने अनेक गुरूंकडे पठण केले आणि मिळालेल्या पाठांतून निवड केली. त्या निवडीला ‘इख्तियार’ म्हणतात. आसिमची किराअत सांगणारे हफ्स आणि शुअबा हे दोन शिष्यही काही ठिकाणी वेगळे म्हणतात. परंपरेनुसार, आसिमने हफ्सला सुलमी या गुरूकडून आलेला पाठ दिला आणि शुअबाला जिर्र बिन हुबैश यांच्याकडून आलेला. याच हफ्सला हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, अभ्यासकांनी कमकुवत रावी (कथनकर्ता) ठरवले आहे. त्यावरून त्याच्या किराअतीवरही शंका घेतली जाते, पण ही गल्लत आहे. दोन्ही विद्यांच्या कसोट्या वेगळ्या होत्या आणि एकीत कच्चा ठरलेला माणूस दुसरीत पक्का असू शकत होता.

सर्वांत चिवट गैरसमज सात या आकड्याचा आहे. कुरआन ‘सात अहरुफ’मध्ये उतरला, अशी हदीस आहे. अहरुफचा अर्थ काय, यावर विद्वानांत मोठा मतभेद आहे. पण सात किराअती म्हणजेच ते सात अहरुफ, हे समीकरण त्यांना मान्य नाही. हे सात कारी निवडले ते बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी, दहाव्या शतकात, आपल्या ग्रंथासाठी. त्यांनी नेमका हाच आकडा घेऊन सामान्यांचा गोंधळ उडवला, अशी टीका महदवी या विद्वानाने पुढच्या शतकात केली, आणि ती रास्त म्हणावी लागते. इब्न अल-जजरी (मृत्यू १४२९) यांनी आणखी तीन कारी धरून दहा किराअतींची मांडणी केली.

हे सातही कारी अरब कुळातले होते, असेही नाही. परंपरा सातांपैकी अबू अम्र आणि इब्न आमिर यांनाच वंशाने अरब मानते. पठण हा प्रत्येकाचा एकमेव व्यवसायही नव्हता. हमजा तेलाचे व्यापारी होते. किसाई नावाजलेले व्याकरणकार आणि खलिफा हारून अल-रशीदच्या मुलांचे शिक्षक.

आज जगभर एकच पठण चालते, हेही खरे नाही. महाराष्ट्रासह भारतात आणि बहुतेक मुस्लिम जगात हफ्सची रीत चालते. १९२४ च्या कैरो आवृत्तीने तिचा छापील प्रसार आणखी वाढवला. मोरोक्को, अल्जीरिया आणि पश्चिम आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत नाफीचा शिष्य वर्श याची रीत आहे. लिबियात नाफीचाच दुसरा शिष्य कालून याची, तर सुदानच्या काही भागांत अबू अम्रची दूरी या रावीमार्फत आलेली किराअत म्हटली जाते.